घासून चकचकीत करू नका हो!

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत मेटल डिटेक्टरने जुन्या लढायांच्या वस्तू शोधण्यावर लेख आलाय तो वाचला, शोधण्याचा भाग मस्त जमलाय. पण शेवटी जे लिहिलंय की वस्तू रात्रभर व्हिनेगरमध्ये टाका आणि सकाळी वायर ब्रशने घासा, ते वाचून राहवलं नाही.

मी हेच करून बसलोय. गणवेशाचं पितळी बटण सापडलं होतं, हिरवं पडलेलं, उत्साहात घासत सुटलो आणि हिरव्याबरोबर वरचा सोन्याचा मुलामा पण गेला, मागे बनवणाऱ्याचं नाव होतं तेही अर्धं उडालं. साधं पाणी आणि मऊ टूथब्रश पुरला असता. शिशाच्या गोळीवर पांढुरका थर असतो ती तर घाण नसतेच, उलट तो थर आतलं शिसं सांभाळतो, आणि घासून त्याची पूड उडवली तर ते विष नाकातोंडात जातं.

लोखंडाचं दुखणं वेगळंच. जमिनीतले क्षार आत मुरलेले असतात, त्यामुळे वरचा गंज काढून कपाटात ठेवलं तरी काही महिन्यांनी नारिंगी थेंब फुटतात आणि पापुद्रे सुटायला लागतात. जाणकार इलेक्ट्रोलिसिस करतात, म्हणजे पाण्यातून वीज सोडून गंज सोडवतात: धुण्याच्या सोड्याचं पाणी, वस्तू निगेटिव्हला, पॉझिटिव्हला साध्या पोलादाचा तुकडा. तिथे स्टेनलेस स्टील लावायचं नाही कारण क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं, आणि हायड्रोजन निघतो म्हणून बंद खोलीत करायचं नाही. मग कित्येक आठवडे पाणी बदलत क्षार काढायचे, वाळवायचं, टॅनिक ॲसिड आणि वर मेण. पण आत लोखंड उरलंच नसेल, नुसता गंज असेल तर हे काही करू नका, हातात चिखल येईल.

तोफगोळा किंवा बॉम्बसारखं काही दिसलं तर साफ करणं सोडाच, हातही लावायचा नाही, लांब व्हायचं आणि पोलिसांना फोन. २००८ साली अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये तिथल्या यादवी युद्धातला तोफगोळा घरी साफ करताना एक अनुभवी संग्राहक स्फोटात गेला, म्हणजे युद्ध संपून १४० वर्षं झाल्यावर सुद्धा आतली दारू जिवंत होती. लेखात याबद्दल अवाक्षर नाही.

आणि हो, वस्तू उचलायच्या आधी जागा लिहून ठेवा. अमेरिकेतच लिटल बिगहॉर्नला १८७६ मध्ये तिथलं सैन्य आणि मूळ रहिवासी टोळ्या यांची लढाई झाली, १९८३ च्या वणव्यात गवत जळून जमीन उघडी पडली आणि पुढची दोन वर्षं पुरातत्त्ववाल्यांनी डिटेक्टरवाल्या हौशी लोकांना बरोबर घेऊन, अर्थात परवानगीने, सगळा माळ विंचरला. प्रत्येक गोळी, प्रत्येक पुंगळी नकाशावर मांडली आणि पुंगळीवरच्या फायरिंग पिनच्या (बंदुकीतली पुंगळीवर आपटणारी खीळ, प्रत्येक बंदुकीची खूण वेगळी) खुणा जुळवून एकच बंदूक कुठून कुठे सरकत गेली ते शोधलं. त्यांनी आधी सगळं गोळा करून नंतर नकाशा काढायचा म्हटलं असतं तर काय कळलं असतं? माझं ते बटण कुठल्या कोपऱ्यात सापडलं ते मला आज आठवत पण नाही.

लेखाचा दुसरा भाग येणार आहे म्हणे, त्यात व्हिनेगरची दुरुस्ती छापा आणि तोफगोळ्याचं तर चौकटीत टाका.

आपला,
एक जुना वाचक