तुझ्या टँकमधल्या प्रवाळांबद्दल

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र, फोटो आणि टेस्टचे आकडे मिळाले. प्रवाळांचा रंग उडाला म्हणून तू किती बेचैन आहेस ते ओळीओळीत दिसतंय. पण तुझ्या टँकमध्ये दोन अगदी उलट गोष्टी घडल्या आहेत आणि तू दोन्हींवर एकच औषध चालवलं आहेस: सारखं पाणी बदलणं आणि फॉस्फेट काढणारी पावडर. ती पावडर आजच काढून टाक.

प्रवाळाच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर साखर तयार करतं आणि प्रवाळाचं बरंचसं पोट त्यावरच भरतं. या शैवालाचा रंग तपकिरी. निळा, जांभळा, गुलाबी हे रंग प्रवाळ स्वतः प्रथिनांतून बनवतो. शैवाल माजलं की ते रंग तपकिरीखाली दबतात. शैवाल निघून गेलं की पारदर्शक कातडीतून पांढरा सांगाडा दिसू लागतो.

डावीकडच्या दगडाच्या सावलीतला तुझा माँटीपोरा जातीचा प्रवाळ तपकिरी झालाय. प्रकाश कमी, नायट्रेट (शैवालाचं नायट्रोजनयुक्त खत) २० पीपीएम, म्हणून शैवाल वाढलं. तो आजारी नाही रे! मालवणला पाण्याखाली आपण पाहिलेले प्रवाळ आठव, बहुतेक मातकटच होते आणि चांगले जिवंत होते. त्याला हळूहळू वर सरकव. रंग यायला काही महिने लागतील, तेवढी कळ काढ.

खरी काळजी फांद्यांच्या प्रवाळाची, अ‍ॅक्रोपोराची. तुझा तिसरा फोटो मोठा करून बघ. फांद्यांच्या वरच्या अंगाला रंग पार फिका पडलाय, पण खालच्या अंगाला, जिथे दिव्याचा थेट प्रकाश पोचत नाही तिथे, हिरवट झाक अजून शाबूत आहे. टँकमधलं पाणी सगळीकडे सारखंच, म्हणजे घाव प्रकाशाचा आहे. नवा एलईडी तू पहिल्या दिवसापासून पूर्ण जोरात लावलास. झेपेल त्याहून जास्त प्रकाश पडला की शैवालात ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि प्रवाळ त्या शैवालालाच बाहेर टाकतो. दिवा निम्म्यावर आण आणि मग दर आठवड्याला थोडा थोडा वाढव.

त्यात तुझं फॉस्फेट शून्य. तुला ते स्वच्छतेचं लक्षण वाटतं, पण शैवालाच्या दृष्टीने ती उपासमार आहे. नायट्रोजन भरपूर आणि फॉस्फेटची चणचण असेल, तर प्रकाश आणि उष्णतेने प्रवाळ लवकर पांढरे पडतात, असं साउदम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली मांडलं. तुझे आकडे नेमके तसेच आहेत. फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान राहू दे. माशांना थोडं जास्त खायला घातलंस तरी फरक पडेल. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, ११ डीकेएचवरून (हे तिचं माप) सावकाश ८ वर आण. समुद्रात ती ७ च्या आसपास असते, आणि इतक्या उपाशी पाण्यात ११ म्हणजे फांद्यांची टोकं जळायला आमंत्रण.

तापमानाचं तू ओझरतं लिहिलंस, मला मात्र ते खटकलं. न्यू जर्सीच्या जुलैत पाणी ८४ फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ २९ सेल्सियस! समुद्रातसुद्धा नेहमीच्या कडक उन्हाळ्याहून एखादाच अंश जास्त तापमान काही आठवडे टिकलं की प्रवाळ पांढरे पडायला लागतात. पाण्यावर पंखा लाव, ७८ च्या आसपास आण. बाष्पीभवन वाढेल, तेव्हा आरओचं पाणी रोज भरत जा, नाहीतर खारटपणा चढेल.

पांढरा पडला म्हणजे मेला असं धरून कुठलाही तुकडा टाकून देऊ नकोस. दिवे गेल्यावर तासाभराने बॅटरी घेऊन बघ. बारीक पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे इवले इवले जीव, बाहेर आलेले दिसले तर जीव आहे. रात्री थोडं बारीक प्लवक-खाद्य दे. सांगाडा उघडा पडून त्यावर हिरवी बुरशीसारखी साय धरली असेल, तर तेवढा भाग गेला.

पुढच्या वेळी फोटो निळे दिवे बंद करून, पांढऱ्या उजेडात काढ. निळ्यात सगळंच चमकतं आणि मला खरा रंग कळत नाही. सोबत फॉस्फेटचा नवा आकडा लिही.

तुझा,
अजित