क्रूझ कंपन्यांनी बंदराची पूर्ण माहिती आधीच द्यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

क्रूझच्या प्रवासात बंदरावर उतरल्यानंतरची सहल जहाजाकडून घ्यावी की एखाद्या स्थानिक गाइडकडे स्वतंत्रपणे ठरवावी, हा प्रश्न बहुतेक वेळा केवळ खर्चाचा म्हणून मांडला जातो. स्वतंत्र सहल पुष्कळदा स्वस्त पडते, भरलेल्या बसमधल्या सगळ्यांची वाट पाहत बसावे लागत नाही आणि आपल्याला हवे तेथे हवा तेवढा वेळ थांबता येते. म्हणूनच मी स्वतः आजही तिच्याच बाजूची आहे. माझी तक्रार वेगळी आहे. हा निर्णय ज्या माहितीच्या आधारे घ्यायचा असतो, ती तिकीट विकताना प्रवाशापुढे स्पष्टपणे ठेवली जात नाही.

ग्रीसमधील सँटोरिनी बेटावर आम्हाला याचा अनुभव आला. तेथे मोठी प्रवासी जहाजे धक्क्याला लागत नाहीत. ती खोल पाण्यात उभी राहतात आणि प्रवाशांना लहान बोटींनी किनाऱ्यावर नेले जाते. आम्ही एका स्थानिक गाइडकडे सकाळी नऊची सहल ठरवून पैसे आगाऊ भरले होते. जहाज सातला पोहोचणार असल्याने दोन तास हाताशी आहेत, असा आमचा हिशेब होता. प्रत्यक्षात पहिल्या बोटी जहाजाच्या स्वतःच्या सहलींसाठी सुटल्या, आमच्या हाती क्रमांकाची चिठ्ठी आली आणि तो क्रमांक पुकारला जाईपर्यंत साडेनऊ वाजून गेले. त्यातही आमची बोट फिरा गावाच्या खालच्या जुन्या बंदरात लागली, तर गाइड अथिनिओसच्या बंदरावर, म्हणजे जहाजाच्या सहलींच्या बस जेथून सुटतात तेथे, वाट पाहून निघून गेला होता. ठरल्या वेळी तुम्ही आला नाहीत, असे सांगून त्याने पैसे परत केले नाहीत, आणि त्याच्या अटी वाचल्यावर त्यालाही दोष देता येईना.

जुन्या बंदरातून वर गावात जायला केबल कार आहे, खेचरे आहेत, नाहीतर सुमारे ६०० पायऱ्या आहेत. संध्याकाळी परतताना केबल कारची रांग गल्लीचे वळण ओलांडून मागे गेलेली दिसली, तेव्हा शेवटची बोट चुकेल या धास्तीने आम्ही पायऱ्यांची वाट धरली. गुळगुळीत झालेले दगड, त्यांवर खेचरांची लीद आणि समोरून खेचरांचा तांडा वर आला की भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, अशा अवस्थेत माझे पती दुखरा गुडघा हाताने धरून एकेक पायरी उतरले. बोटीने उतरावे लागेल, हे आमच्या कागदपत्रांत एका बारीक खुणेने दर्शवलेले होते. त्या खुणेचा अर्थ आम्हाला त्या दिवशी समजला.

अंतराचेही तसेच आहे. कार्यक्रमात ‘रोम’ असे ठळक छापलेले असते, पण जहाज लागते ते सुमारे ७० किलोमीटर दूर असलेल्या चिविताव्हेकियाला. ‘पॅरिस’साठीचे ल हाव्र बंदर तर पॅरिसपासून जवळपास २०० किलोमीटरवर आहे. रोमची सहल रेल्वेने स्वतः करता येते, पॅरिसची करताना मात्र दहा वेळा विचार करावा. घड्याळाचा घोळ निराळाच असतो: मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो, जहाज मात्र काही वेळा स्वतःची जुनी वेळ बदलत नाही, आणि परतण्याची वेळ जहाजाच्याच घड्याळाने मोजली जाते. ती सहसा जहाज सुटण्याच्या निदान अर्धा तास आधीची असते.

जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते, किंवा त्या प्रवाशांना पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था करते. स्वतंत्रपणे गेलेल्याला ही हमी नसते आणि पुढचा विमानखर्च, व्हिसा, मुक्काम सारे त्याच्याच माथी येते. हे सर्वांना सांगितले जाते, किंबहुना त्याचीच भीती घातली जाते. परंतु जहाजाच्या सहलीसुद्धा बहुतांशी स्थानिक व्यावसायिकच चालवतात आणि त्यांच्या चुकीची जबाबदारी आपल्यावर येऊ नये, अशी कलमे तिकिटाच्या करारात असतात, हे सांगितले जात नाही. ९ डिसेंबर २०१९ रोजी न्यूझीलंडमधील व्हाकारी बेटावर ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा बेटावर असलेल्या ४७ जणांपैकी २२ जणांचा मृत्यू झाला. त्या ४७ जणांतील बहुतेक जण एका क्रूझ जहाजावरून सहलीला आलेले होते. तेव्हा जहाजाच्या नावावर विकली जाणारी सहल प्रवाशाला वेळेची हमी देते, जिवाची नव्हे, हा फरक विक्रेत्यांनी झाकून ठेवू नये.

जहाज धक्क्याला लागणार की बोटीने उतरावे लागणार, बोट नेमकी कोठे सोडणार, छापलेले शहर बंदरापासून किती दूर आहे आणि जहाजावर कोणती वेळ पाळली जाणार, हे प्रत्येक बंदरापुढे साध्या भाषेत लिहावे. स्थानिक गाइडनेही पैसे घेण्याआधी जहाजाचे नाव विचारून भेटीची जागा आणि वेळ ठरवावी. आणि जेथे बोटीने उतरायचे आहे तेथे, स्वतंत्र सहल घेणाऱ्याला किनाऱ्यावर पाय ठेवायला साधारण किती वेळ लागू शकतो, हे क्रूझ कंपनीने आरक्षणाच्या वेळीच लेखी द्यावे.

आपली,
एक वाचक