नंदू, तेव्हाचं बोलणं मागे घेतो

प्रिय नंदू,

पाच महिने पत्र नाही, फोन नाही. रागव, पण आधी वाच. काल जे पाहिलं ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

दोन्हीकडून पीएचडीची ऑफर आलीय, शुक्रवारपर्यंत कळवायचंय. एकीकडे मोठं नाव, मोठे प्रोफेसर आणि विषय तर माझाच: टाइप 1 मधुमेहात शरीराचं रक्षण करणाऱ्या आपल्याच टी पेशी स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर का उलटतात. मात्र पहिल्या दिवसापासून त्यांच्याच लॅबमध्ये. दुसरीकडे वर्षभर तीन लॅबमध्ये रोटेशन, मग गाईड निवडायचा. तिथे बीटा पेशींवर काम करणाऱ्या एकच बाई, त्याही नव्या. त्यांच्या हाताखालून अजून कुणाची पीएचडी झालेली नाही. दादा म्हणतो, "हे नाव कुणी ऐकलंय?"

मी मोठ्या लॅबला होच म्हणणार होतो. पण जुन्या विद्यार्थ्याशी एकट्यानं बोलून घे, हे तुझंच म्हणणं ना? काल तिथल्या चौथ्या वर्षाच्या मुलीशी व्हिडिओवर बोललो. फ्लो सायटोमीटर (पेशी मोजायचं यंत्र) कधी मिळतो, पेपरवर पहिलं नाव कुणाचं, सगळं तिनं नीट सांगितलं. मग विचारलं, सर लिहिलेलं वाचतात का? ती गप्प झाली. शेजारची स्पायरल बाइंडिंगची प्रत उचलून कॅमेऱ्यासमोर धरली. पहिल्या पानावर आठ महिन्यांपूर्वीची तारीख. एकेक पान उलटत गेली. कुठे पेन्सिलची रेघसुद्धा नाही. "त्यांच्या टेबलावरून तशीच परत आणली," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या वर्षी तू पीएचडी सोडून आलास तेव्हा मी म्हणालो होतो, "थोडी कळ काढायला हवी होतीस." तू काही बोलला नाहीस. मला वाटलं, माझं पटलं. चुकलो रे.

आणि आपलं ते इन्सुलिनच्या शोधाचं श्रेय कुणाचं, यावरचं भांडण! 1921च्या उन्हाळ्यात बँटिंग आणि बेस्ट लॅबमध्ये राबतायत, लॅबचा प्रमुख मॅक्लिऑड स्कॉटलंडला, मग 1923च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा कसला? बँटिंगनं आपले निम्मे पैसे बेस्टला दिले, हे मी टेबल आपटून सांगायचो. तू म्हणायचास, जागा कुणाची, कुत्री कुणी दिली, आणि परत आल्यावर शंका काढून प्रयोग पुन्हा करायला कुणी लावले? तो शेवटचा मुद्दा काल रात्री पटला. लांब होता, पण आल्यावर त्यानं अडवलं तरी. या मुलीला अडवायलाही कुणी नाही. घे, एक गुण तुला. लगेच डोक्यावर बसू नकोस.

तरी मोह सुटत नाही. रुग्णांचे नमुने मोठ्या लॅबकडे आहेत, बाईंकडे फक्त उंदीर. एनओडी उंदरात, म्हणजे ज्यांना आपोआप मधुमेह होतो त्या जातीत, मधुमेह रोखणारे किती उपाय माणसात फोल ठरले, तुला ठाऊक आहे. पण बाईंना मी माझा एक जुना आलेख पाठवला, तर दुसऱ्या सकाळी उत्तर: "कंट्रोल कुठे आहे?" तुलनेसाठीचा गट खरंच नव्हता. तीन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

नवी नोकरी कशी आहे? छोटी चालायला लागली असेल. वहिनींना नमस्कार.

गुरुवारी रात्री फोन कर. कुठे जाऊ ते नंतर बोलू. आधी तुझे तिथले शेवटचे सहा महिने कसे गेले ते सांग. तेव्हा मी विचारलंच नव्हतं.

तुझा,
बाळ्या