यंदा महालक्ष्म्या तुमच्याकडे

इंदूर

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

तू आणि ऋताने यंदा तिकडे इंग्लंडात महालक्ष्म्या मांडायचं ठरवलंत, फार बरं वाटलं. फोनवर तू नुसतं ‘हो हो’ म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून लिहूनच पाठवते.

आधी वाराचं. तुमच्या मंडळाचा गणपती शनिवारी बसतो, कारण हॉल तेव्हाच मिळतो, हे तुला खटकतं. मला नाही खटकत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 सालचं. परमुलखात इतकी वर्षं टिकायचं म्हणजे थोडं इकडचं तिकडे करावंच लागत असणार. आणि आपल्या इंदुरात तरी सगळं पुण्यासारखं कुठे आहे? अनंत चतुर्दशीला लोक रात्र जागवतात ती मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, बघायला. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली, तरी मजुरांनी झांकी काढणं सोडलं नाही. विसर्जनाचं म्हणशील तर इथेही आता नगर निगमवाले मूर्ती गोळा करून नेतात. तेव्हा शाडूचा गणपती बादलीत विरघळवून ते पाणी झाडांना घातलंस तर काही बिघडत नाही.

महालक्ष्म्यांना मात्र शनिवार-रविवार कळत नाही. त्या अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठेवर जेवतात आणि मुळावर जातात. नक्षत्र सगळीकडे एकाच क्षणी लागतं, तेव्हा आपल्या पंचांगातली वेळ घे आणि साडेचार तास वजा कर. (थंडीत साडेपाच होतात, पण भाद्रपदात तो घोळ नाही.) जेवणाच्या दिवशी दोघांपैकी एकाने तरी रजा टाका. ऑफिसातून येऊन पुरणावरणाचा स्वयंपाक होत नसतो.

घरातले जुने मुखवटे मागितलेस. ते नाही मिळणार. माझे हात चालताहेत तोवर ते इथेच उभे राहतील. बर्तन बाजारातून पितळी जोडी आणून ठेवली आहे, तुझा मामेभाऊ येताना आणेल. सामानात टाकू नकोस म्हणावं, हातातल्या बॅगेत ठेव. तिवया मात्र तिकडेच बघा. उंच स्टूल चालेल, फक्त डुगडुगतं नको. साडी नेसवताना आधी निऱ्या करून दोऱ्याने बांधून घ्या, मग कमरेशी खोचा आणि पदर शेवटी. ऋता आधी पदर लावेल, तिच्या आईकडे खड्यांच्या गौरी, तिला ही सवय नाही. तिला रागावू नकोस.

फुलोऱ्याशिवाय मला महालक्ष्म्या बोडक्या वाटतात. करंजी, वेणी, फणी, आरसा, पापडी, प्रत्येकी दोन तरी तळा. दोरा ओवायचं भोक कच्चं असतानाच पाडायचं, तळल्यावर पाडलं की मोडते. भाड्याच्या घराच्या छताला खिळा ठोकू देणार नाहीत, तेव्हा कपडे वाळवायचा स्टँड मागे उभा करा, त्यावर साडी टाका आणि त्यालाच फुलोरा बांधा. गालिच्यावर रांगोळी काढू नका, निघता निघणार नाही. कागदाची पावलं कापून दारापासून ठेवा. आणताना ताट-चमचा वाजवायचा आणि ‘कशाच्या पावलांनी आल्या’ विचारायचं. उत्तर तुला पाठ आहे, लहानपणी तूच सगळ्यात जोरात ओरडायचास.

सोळा भाज्यांचा आग्रह मी धरत नाही. एकाच भाजीत सोळा प्रकार चिमूट-चिमूट घाला, झालं. पडवळ मिळालं तर बघा. आंबिलीला ज्वारीचं पीठ हवंच, ते गुजराती दुकानात मिळेल.

सवाष्ण कुठून आणू म्हणालास. तुमच्या शेजारची पंजाबी मुलगी बोलाव की! आपल्याकडे इतकी वर्षं समोरच्या शर्मा भाभीच जेवायला येतात, आणि पुरणपोळीवर तूप कमी पडलं तर पहिली तक्रार त्यांचीच असते. मात्र तिला आदल्या दिवशीच सांग, ऐन वेळी नको, आणि ओटी भरायला नारळ लागेल, तो आणून ठेव.

पुरण सैल झालं तर परत आटवा, मैदा मिसळू नका. अडलं तर फोन करा, पण तुमचे रात्रीचे दहा म्हणजे आमची मध्यरात्र उलटलेली असते, तेवढं बघून.

तुझी
आई