सिलिंडरमधली हवा एकट्याची नसते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्कूबा डायव्हिंग करताना कुणी दगावले की बातमीत हमखास एक वाक्य असते: ‘ऑक्सिजन संपल्याने मृत्यू’. गेली बारा वर्षे मी पाण्याखाली जाते आहे आणि दरवेळी या वाक्यापाशी अडखळते. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये बहुतेक वेळा दाबून भरलेली साधी हवाच असते, आपण एरवी घेतो तीच. शुद्ध ऑक्सिजन घेऊन कुणी वीस मीटरवर गेले तर तोच अंगावर उलटेल, झटके येतील. पण शब्दाची ही चूक एक वेळ सोडून देऊ. मला खुपतो तो ‘संपल्याने’ हा शब्द. जणू हवा न सांगता गेली!

हवा न सांगता जात नाही. सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा पहिल्या श्वासापासून खाली सरकत असतो. १९४३ मध्ये कूस्तो आणि गान्यां या दोघा फ्रेंचांनी अ‍ॅक्वालंग हे सिलिंडरमधून श्वास घेण्याचे उपकरण तयार केले, त्यानंतरही बरीच वर्षे अनेकांजवळ गेज नसे. श्वास जड झाला की सिलिंडरवरचा राखीव हवेचा दांडा ओढायचा आणि वर निघायचे. तो दांडा आधीच कशात तरी अडकून खाली आलेला असला, की ओढूनही काही मिळत नसे. आज ती परिस्थिती नाही. तरीही मनोरंजनासाठी डायव्हिंग करणाऱ्यांच्या १९९२ ते २००३ या काळातल्या ९४७ मृत्यूंचा जो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सुरुवात कशाने झाली हे जिथे कळू शकले, तिथे ४१ टक्के वेळा उत्तर एकच होते: हवा अपुरी पडली.

असे का होते, हे मी स्वतःवरून सांगू शकते. माझा तेव्हा तिसेक डायव्हचा अनुभव होता. अठ्ठावीस मीटरवर एका कपारीत ऑक्टोपस दिसला आणि मी त्याच्यात रमले. बरोबर उतरलेल्या जोडीदाराने खांद्याला हात लावून बोटांनी विचारले, ‘किती?’ गेज पाहिला तर चाळीस बार (बार हे दाबाचे माप; भरलेले सिलिंडर सुमारे दोनशेचे). त्याआधी पाहिला तेव्हा एकशे दहा होते. मध्ये दहा मिनिटे गेली होती आणि मला ती दोन वाटली होती. त्याने माझ्या हवेने फुगणाऱ्या जॅकेटचा पट्टा धरला आणि आम्ही सावकाश वर निघालो. वर येताना पाच मीटरवर काही मिनिटे थांबायचे असते; तिथे माझा श्वास ओढूनही येईना, तेव्हा त्याने त्याचा पिवळा जादा रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचा तोंडात धरायचा भाग (त्यालाही ऑक्टोपसच म्हणतात), माझ्या हातात दिला. तो तोंडात धरताना माझे दात वाजत होते, ते मला अजून आठवते. तो हाताच्या अंतरावर नसता तर?

खोलीचे गणित फसवे आहे. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, तीस मीटरवर चौपट, आणि हवाही तितक्याच पटीने लागते. अकरा लिटरच्या सिलिंडरमध्ये दोनशे बार दाबाने सुमारे २,२०० लिटर हवा असते. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर घेत असेल, तर तीस मीटरवर ऐंशी घेतो. घाबरला की याच्या दुप्पट सहज.

आता त्या ‘पन्नास बार’विषयी. पन्नास बार राखून ठेवा, असे सगळ्यांना शिकवतात. कित्येक जण त्याचा अर्थ ‘पन्नास झाले की वर निघा’ असा घेतात. मुळात सांगायचे असते ते हे, की पाण्यातून डोके वर काढाल तेव्हा पन्नास उरलेले असावेत. तीस मीटरवर जोडीदाराची हवा गेली आणि दोघांना एकाच सिलिंडरवर वर यायचे आहे, असे धरा. ताणाखाली दोघे मिळून पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला साठ लिटर. सावरायला तीस मीटरवर एक मिनिट, त्याचे चौपटीने २४० लिटर. तीन मिनिटांत पाच मीटरपर्यंत घाई न करता चढायचे, त्याचे ४९५च्या आसपास. तिथे तीन मिनिटांचा थांबा, आणखी २७०. बेरीज १,००५ लिटर, म्हणजे त्या अकरा लिटरच्या सिलिंडरचे एक्क्याण्णव बारहून थोडे जास्त. पन्नासात हे बसतच नाही. म्हणून परत फिरायचा आकडा पाण्यात उतरण्याआधी ठरवावा आणि तो दोघांच्या हिशेबाने ठरवावा. गुहेत उतरणारे डायव्हर तर जायला एक तृतीयांश, यायला एक तृतीयांश आणि अडचणीसाठी एक तृतीयांश अशी वाटणी करतात. वर मोकळे पाणी असले तरी हिशेबात ढिलाई का असावी?

दरवेळी थेट गुदमरूनच जीव जातो असेही नाही. श्वास येईना म्हटल्यावर माणूस वर झेपावतो आणि उरलेली हवा छातीत गच्च धरून ठेवतो. ती वर येताना फुगते. फुप्फुस फाटायला दीड-दोन मीटरचे अंतरही पुरते, आणि मग हवेचा बुडबुडा रक्तातून मेंदूत जातो. अशा वेळी तोंडातला रेग्युलेटर न काढता सतत श्वास सोडत वर यायचे असते. वर येताना बाहेरचा दाब घटतो, त्यामुळे रिकाम्या वाटणाऱ्या सिलिंडरमधून एखादा श्वास मिळूही शकतो. पृष्ठभागावर आल्यावर जॅकेट तोंडाने फुगवायचे आणि खाली जाण्यासाठी बांधलेला वजनांचा पट्टा सोडून द्यायचा. मृतांच्या अंगावर वजने तशीच सापडल्याची नोंद अपघातांच्या अहवालांत पुन्हा पुन्हा येते. वाचताना जीव तुटतो.

आणखी एक, हे फार थोडे लोक तपासतात. सिलिंडरची चावी अर्धवट उघडी राहिली तरी वर श्वास नीट येतो आणि गेजही भरलेला दिसतो. खोल गेल्यावर मात्र हवा पुरत नाही. उतरण्यापूर्वी गेजकडे बघत तीन-चार जोरदार श्वास घ्यावेत. काटा डुगडुगला तर चावी पाहावी.

आपल्याला विनंती एवढीच, की पुढची अशी बातमी येईल तेव्हा बातमीदाराने आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: परत फिरायचा आकडा किती ठरला होता, आणि जोडीदार किती अंतरावर होता.

आपली,
एक वाचक