रिपोर्टवरची नॉर्मल रेंज कोणाच्या रक्तावरून ठरली?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कालच्या आरोग्य पुरवणीतील रक्ततपासणीवरचा लेख वाचला आणि त्यातील एका विधानामुळे हे पत्र लिहिणे भाग पडले. रिपोर्टवर उजवीकडे छापलेल्या नॉर्मल रेंजच्या बाहेर एकही आकडा गेला, तर शरीरात बिघाड सुरू झाला आहे असे समजावे, असे लेखकांनी निःशंकपणे लिहिले आहे. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे. लाल शाईतला एक आकडा घेऊन रडवेल्या चेहऱ्याने खिडकीशी आलेली माणसे मी नोकरीभर पाहिली आहेत, त्यामुळे हे विधान वाचून गप्प बसवत नाही.

ही रेंज ठरते कशी, हे लेखात कुठेच आलेले नाही. निरोगी माणसांचा एक गट निवडायचा, त्यांचे रक्त तपासायचे आणि आलेल्या आकड्यांपैकी मधले 95 टक्के ज्या दोन टोकांमध्ये बसतात ती टोके छापायची, ही जगभर रूढ असलेली पद्धत आहे. म्हणजे खालचे अडीच आणि वरचे अडीच टक्के लोक निरोगी असूनही रेंजच्या बाहेरच राहणार, हे या पद्धतीत गृहीतच धरलेले असते. एखाद्या ठणठणीत माणसाच्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 तपासण्या केल्या, तर त्या सगळ्या रेंजमध्ये येण्याची शक्यता साधारण 36 टक्केच उरते. लेखकांचा सल्ला मानायचा, तर निरोगी माणसांपैकी निम्म्याहून अधिक जणांना उद्या सकाळी तज्ज्ञांच्या दवाखान्यासमोर रांग लावावी लागेल.

माझ्या पुतण्याच्या बाबतीत नेमके हेच घडले. तो कोल्हापुरातील एका तालमीत लहानपणापासून घाम गाळणारा, भरल्या अंगाचा मुलगा आहे. एका भरतीत मैदानी आणि लेखी अशा दोन्ही परीक्षांत उत्तम गुण मिळवून तो वैद्यकीय तपासणीपर्यंत पोहोचला. तिथे त्याचे सिरम क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून गाळून बाहेर टाकतात त्या टाकाऊ पदार्थाचे प्रमाण, 1.4 मिलिग्रॅम निघाले, रिपोर्टवर वरची मर्यादा 1.2 छापलेली होती, आणि तेवढ्यावर मूत्रपिंडविकाराची शक्यता असा शेरा मारून त्याला थांबवण्यात आले. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होते, ज्याच्या अंगावर स्नायू अधिक त्याचे क्रिएटिनिनही अधिक, आणि आदल्या रात्री मटण खाल्ले असेल तर त्यात आणखी भर पडते, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कोणालाही माहीत असते. परंतु आदल्या रात्री काय जेवलास, सकाळी जोर-बैठका मारून आलास का, एवढे दोन प्रश्नही त्याला कोणी विचारले नाहीत.

पुढे आम्ही स्वखर्चाने त्याच्या लघवीतील अल्ब्युमिन तपासले, सोनोग्राफी केली आणि मूत्रपिंडांचेच काम दाखवणारी, पण स्नायूंच्या प्रमाणावर फारशी अवलंबून नसलेली सिस्टॅटिन-सी ही तपासणीही करून घेतली. सर्व रिपोर्ट निर्दोष आले. मूत्रपिंडतज्ज्ञांनी मुलगा पूर्ण निरोगी असल्याचे लिहूनही दिले. तोवर निवड यादी पुढे सरकली होती आणि दाद मागण्याची मुदत संपली होती. मधल्या काळात वहिनींनी त्याचे दूध आणि अंडी बंद केली, वस्तादांनी त्याला आखाड्यात उतरू दिले नाही आणि घरात डायलिसिस हा शब्द दबक्या आवाजात बोलला जाऊ लागला. ती 1.2 ची मर्यादा कोणत्या माणसांच्या रक्तावरून आली, असे मी त्या प्रयोगशाळेला लेखी विचारले. तपासणीच्या रसायनांच्या किटसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात दिली आहे तीच आम्ही छापतो, एवढेच उत्तर आले. ते किट परदेशी बनावटीचे होते, आणि त्या माहितीपत्रकात गटाचे वय, आहार किंवा अंगमेहनत यांविषयी एक ओळही नव्हती.

याच क्रिएटिनिनची उलटी बाजू अधिक धोकादायक आहे. डेन्मार्क, फिनलंड, आइसलंड, नॉर्वे आणि स्वीडन या पाच देशांतील 102 प्रयोगशाळांनी एकत्र येऊन 25 तपासण्यांच्या मर्यादा निश्चित केल्या आणि त्या 2004 साली प्रसिद्ध केल्या. त्यांत पुरुषांचे क्रिएटिनिन आपल्या एककांत साधारण 0.68 ते 1.13 आणि स्त्रियांचे 0.57 ते 1.02 असे वेगवेगळे दिलेले आहे. आपल्याकडील कित्येक रिपोर्टांवर मात्र दोघांसाठी एकच रेंज छापलेली असते. सत्तर वर्षांच्या बाईचे क्रिएटिनिन 1.1 आले, तर अशा रिपोर्टवर ते काळ्या शाईत, निर्धोक म्हणून छापले जाते. प्रत्यक्षात वय आणि लिंग धरून सूत्राने हिशेब केला, तर त्या बाईच्या मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला 54 मिलिलिटरच्या आसपास भरते, म्हणजे काळजीची रेषा मानल्या जाणाऱ्या 60 च्या खाली. तगड्या मुलाला आजारी ठरवणारी आणि आजारी आजीला निरोगी ठरवणारी ही एकच छापील ओळ आहे, आणि लेखकांनी वाचकांना तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायला सांगितले आहे.

परदेशी आकडे टाकून आपल्या लोकांचे आकडे घ्यावेत, इतके म्हणून भागत नाही, हेही मला स्पष्ट करायचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे शहर आणि ग्रामीण भागातील 441 पुरुषांपैकी 67 टक्के पुरुषांमध्ये ब-12 जीवनसत्त्व कमी आढळले होते. ही माणसे चालती-फिरती, कामधंदा करणारी होती. त्यांच्यातल्या मधल्या 95 टक्क्यांवरून ब-12 ची रेंज काढली, तर कमतरता हीच रीत ठरेल आणि खऱ्या गरजू माणसाच्या रिपोर्टवरही सर्व ठीक असल्याचे छापून येईल. हिमोग्लोबिनचेही तसेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी 13 आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठी 12 ही रक्तक्षयाची रेषा आखली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रिया त्या रेषेखाली निघाल्या. दुसरीकडे, लोह आणि इतर पोषणद्रव्यांची कमतरता नसलेली निरोगी भारतीय मुले निवडून केलेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांची खालची मर्यादा जागतिक रेषेपेक्षा बहुतेक वयांत एक ते दोन ग्रॅमने कमी आढळली. प्रौढांसाठीही अशाच काटेकोरपणे माणसे निवडून मर्यादा ठरवल्याशिवाय यातला खरा रक्तक्षय किती आणि रेषेचा दोष किती, याचा निकाल लागणार नाही.

ही निवडच सर्वांत कष्टाची असते. प्रत्येक गटात, म्हणजे पुरुषांचा वेगळा आणि स्त्रियांचा वेगळा धरून, किमान 120 माणसे लागतात. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, नुकताच येऊन गेलेला ताप, चालू औषधे, गरोदरपण, दारू, तंबाखू हे सगळे विचारून गाळावे लागते. रक्त सकाळी, उपाशीपोटी आणि माणसाला थोडा वेळ बसवून घ्यावे लागते, कारण आडव्या माणसाचे आणि उभ्या माणसाचे हिमोग्लोबिनही सारखे येत नाही आणि दंडाचा पट्टा फार वेळ आवळून ठेवला तरी प्रथिनांचे आकडे चढतात. रक्तपेढीत आलेल्या दात्यांचे आकडे वापरणे सोपे असते, पण आपल्याकडे दाते बहुतांशी पुरुष असतात आणि 12.5 पेक्षा कमी हिमोग्लोबिन असणाऱ्याचे रक्त नियमानुसार घेतलेच जात नाही, त्यामुळे तो गट आधीच गाळून आलेला असतो.

एवढा खटाटोप तालुक्याच्या लॅबला झेपणार नाही, हे मी जाणतो. तिच्यासाठी सोपी वाट उपलब्ध आहे. दुसरीकडे नीट ठरवलेली रेंज घ्यावी आणि आपल्या भागातील 20 निरोगी माणसांचे रक्त आपल्याच यंत्रावर तपासावे. त्यांतील दोनपेक्षा जास्त आकडे बाहेर पडले नाहीत, तर ती रेंज वापरावी. एका सकाळचे काम आहे. एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता ज्या मानकावर दिली जाते त्यात रेंजचा आधार नोंदवून ठेवणे अपेक्षितच आहे, परंतु ही मान्यता ऐच्छिक असल्यामुळे असंख्य प्रयोगशाळा तिच्याबाहेर आहेत. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने भारतीयांच्या संदर्भमर्यादांवरचे, म्हणजे याच नॉर्मल रेंजवरचे, काम 2005 सालीच प्रसिद्ध केले होते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने मनावर घेतले, तर विदर्भ, मराठवाडा, कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालये मिळून राज्याच्या प्रौढांच्या मर्यादा निश्चित करू शकतील. नमुने गोळा करणारे विद्यार्थी आणि तपासणारी यंत्रे, दोन्ही त्यांच्याकडे आहेत.

आणखी एक गोष्ट नाइलाजाने लिहावी लागते. त्या लेखाच्या खालीच अर्धे पान भरून 72 तपासण्यांच्या सवलतीच्या पॅकेजची जाहिरात होती. वर एकही आकडा बाहेर गेला तर घाबरा असे सांगायचे आणि खाली 72 आकडे विकायचे, ही मांडणी आपल्या वृत्तपत्राला शोभत नाही. जाहिरातीशिवाय वृत्तपत्र चालत नाही हे मला समजते, पण ती जाहिरात दुसऱ्या पानावर टाकता आली असती.

माझी विनंती एवढीच आहे, की पुढील आरोग्य पुरवणीत त्या विधानाचा खुलासा तेवढ्याच ठळकपणे छापावा, आणि रिपोर्ट हातात पडल्यावर ही रेंज कोणत्या वयाच्या, कोणत्या लिंगाच्या आणि कुठल्या लोकांवरून घेतली आहे हे प्रयोगशाळेला विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे, हे त्यात आवर्जून लिहावे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, मिरज