दिव्याची वेळ विचारणाऱ्या काकांना

काका, स. न. वि. वि.

तुमचं नाव कुठेही लिहायचं नाही असं तुम्ही निघताना दोनदा बजावलंत, म्हणून लिहीत नाही. "नाव आलं की लोक रविवारी दारात उभे राहतात," म्हणालात. पण पत्र उघड लिहू नकोस असं काही तुम्ही म्हणाला नव्हतात, तेवढी पळवाट मी घेतेय. फोनवर आभार मानायला जावं तर "ठेवतो, गाडी आली" म्हणून तुम्ही फोन ठेवता. गाडी नेमकी त्याच वेळी कशी येते, कोण जाणे.

आधी बातमी. आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतले मश्रूम, म्हणजे ते छत्रीसारखे मऊ प्रवाळ, उघडलेत. वरच्या दगडावरचे दोन्ही निळे, जे नखाएवढे आक्रसून बसले होते, ते आता एकमेकांना खेटून पसरलेत. झोआ, म्हणजे ते फुलांसारखे मऊ प्रवाळ, दुपारीच तोंड उघडतात, असं सासूबाई सांगतात. आणि स्टार पॉलिप नावाच्या प्रवाळाची ती जांभळी कातडी, जिच्याकडे बघून तुम्ही "ही मेलेली नाही, रुसलीय" म्हणाला होतात, तिच्यातून हिरवे तुरे बाहेर आलेत. पंपाच्या बाजूचे जरा जास्तच.

आता तुमच्याआधी ज्यांनी ज्यांनी सल्ला दिला, त्यांच्याबद्दल चार शब्द लिहिल्याशिवाय मला तुमचे आभार नीट मानता येणार नाहीत.

टाकी आणि दिवा ज्याने विकला, त्याने दिवा ॲपला जोडून दिला आणि सगळे चॅनल, म्हणजे त्यातले वेगवेगळे रंग, शंभर टक्क्यांवर नेऊन ठेवले. "मॅडम, रीफ है, फुल पे रखो." झोआ मिटले तेव्हा "सेट होने में टाइम लगता है," आणि मश्रूमचा रंग उडायला लागला तेव्हा फोन उचलणं बंद. दुसऱ्या दुकानदाराला पैसे देऊन घरी बोलावलं. त्याने स्वतःच्या मोबाइलमधलं उजेडाचे लक्स मोजायचं ॲप काचेसमोर धरलं, मान हलवली आणि "लाइट कम है" असं जाहीर केलं. यापेक्षा मोठा दिवा त्याच्याकडे होताच, आजच्या आज बसवूनही दिला असता. तिसऱ्याचं म्हणणं, दिव्याचा काही प्रश्नच नाही, पाण्यात कॅल्शियम आणि स्ट्रॉन्शियम कमी पडतंय. दगडी सांगाडा बांधणारा एकही जीव ज्या टाकीत नाही, तिच्यासाठी त्याने बाटल्या दिल्या. त्या अजून सिंकखाली उभ्या आहेत.

चौथ्याची तर गंमतच. त्याने आवाज खाली आणून विचारलं, "एसपीएस चाहिए क्या? कॅरीबॅग में पॅक कर दूँगा." एसपीएस म्हणजे बारीक तोंडांचे दगडी प्रवाळ, आणि दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे कागदावर वाघाच्या पंगतीला. कोस्टल रोडच्या कामात 2020 साली हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचे प्रवाळ आडवे आले, तेव्हा महापालिकेलासुद्धा आधी परवानगी काढावी लागली आणि शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली ते दुसरीकडे हलवावे लागले. आणि हा गडी कॅरीबॅग काढतोय.

कुर्ल्याच्या रविवारच्या मासेबाजारात तुम्ही भेटलात तो निव्वळ योग. मी एका विक्रेत्याशी दिव्यावरून हुज्जत घालत होते, तुम्ही शेजारी गोगलगायी निवडत होतात. मान वर न करता तुम्ही विचारलंत, "दिवा पाण्यापासून किती उंचीवर आहे?" इतक्या लोकांशी बोलून झालं होतं, पण हे एकानेही विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तुम्ही घरी आलात. मेगाब्लॉक होता. ठाण्याच्या अलीकडे गाडी अर्धा तास उभी होती, हे तुम्ही सांगितलं नाहीत, ते मला नंतर कळलं. पार मीटर, म्हणजे प्रवाळाच्या कामाचा उजेड मोजणारं यंत्र, तुम्ही स्टीलच्या उभ्या डब्यात आणला होतात, नॅपकिनमध्ये गुंडाळून. सासूबाईंना वाटलं, तुम्ही जेवण घेऊनच आलात. त्या लगेच "अहो, आमच्याकडे जेवा की" म्हणाल्या, आणि तुम्ही झाकण उघडून त्यांना ती काळी वायर आणि टोकाचा तो पांढरा ठिपका दाखवलात.

मापायच्या आधी तुम्ही दिव्याखालची काच बोटाने पुसून बघितलीत. बोटावर मीठ आलं. मग खिशातला रुमाल ओला करून तुम्ही ती काच पुसलीत, पंख्याच्या जाळीतली धूळ फुंकून काढलीत, आणि मगच मीटर पाण्यात सोडलात. "मिठातून मापलं तर आकडा खोटा येतो." मग वरच्या दगडावर 340. मधे दोनशेच्या घरात. उजव्या कोपऱ्यातल्या वाळूवर 60. एकाच दोन फुटी टाकीत भर दुपारही आणि तिन्हीसांजही! मश्रूम नेमके 340खाली बसलेले, ज्यांचं पन्नास ते शंभरात भागतं.

लक्सवाल्याची गोष्ट सांगितली तेव्हा तुम्ही हसला नाहीत, हे मला आवडलं. सरळ समजावून सांगितलंत. लक्स हे माप माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने बेतलेलं. आपल्या डोळ्याला 555 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट-पिवळा उजेड सगळ्यात जास्त भावतो, आणि रीफच्या दिव्याचा सगळा जोर 450च्या आसपासच्या निळ्यावर. आपल्याला तो उजेड मंद वाटतो, पण प्रवाळाच्या अंगात राहणारं शैवाल त्यावर पोटभर जेवतं. पार मीटर 400 ते 700 नॅनोमीटरमधले सगळे फोटॉन सारख्याच मानाने मोजतो, त्यात आपल्या डोळ्याची आवडनिवड येत नाही. उजेड अति झाला की त्या शैवालाचा कारखाना बिघडतो, विषारी स्वरूपातला ऑक्सिजन तयार व्हायला लागतो, आणि प्रवाळ वैतागून या भाडेकरूला घराबाहेर काढतं. रंगही त्याच्याबरोबर जातो. पाणी तापलेलं असेल तर हे सगळं आणखी लवकर होतं, आणि आमच्या भांडुपच्या हॉलमध्ये मे महिन्यात पाणी कुठवर जातं ते मला ठाऊक आहे.

तुम्ही दिवा वीतभर वर चढवलात, पांढरा जवळजवळ विझवलात, लाल-हिरवा बंदच केलात, निळा पस्तीस टक्क्यांवर आणलात. पुन्हा मापलंत. वरच्या दगडावर 105. यात विकण्यासारखं काहीच नव्हतं. उलट जे होतं तेच कमी करायचं होतं. म्हणूनच बहुधा आधी कुणाला सुचलं नाही.

पण काका, हे पत्र त्यासाठी नाही. टक्के काय, उशिरा का होईना, कुणीतरी सांगितले असते.

सगळं झाल्यावर तुम्ही मोड्यावर बसलात, माझा मोबाइल हातात घेतलात आणि ॲपमधला तो वेळेचा आलेख उघडलात. सकाळी आठला चढणारी आणि संध्याकाळी सहाला उतरणारी रेघ, दुकानदाराने आखून दिलेली. तुमचा अंगठा त्या रेघेवर होता. तो तसाच ठेवून तुम्ही विचारलंत, "कामावरून घरी किती वाजता येतेस?"

मला वाटलं, आता निरोपाच्या गप्पा सुरू झाल्या. म्हटलं, पावणेनऊ, गाडी वेळेवर असली तर.

"आणि निघतेस?"

"साडेसातला."

"मग तू ही टाकी बघतेस कधी?"

मी गप्प. कारण खरं उत्तर असं होतं की रविवारी बघते, एरवी नाही. सोमवार ते शनिवार मी निघायच्या वेळी टाकीत अंधार आणि परत यायच्या वेळीही अंधार. रात्री मोबाइलच्या टॉर्चने मासे मोजायचे आणि झोपायचं. इतका पैसा घातलेली वस्तू मी फोटोतच जास्त पाहिली होती. आणि काका, हे विचित्र आहे असं मला तोवर वाटलंसुद्धा नव्हतं. दिवस म्हणजे दिवसा, असं धरून चालले होते. विकणाऱ्याने तसं लावलं होतं.

तुम्ही ती अख्खी रेघ अंगठ्याने उजवीकडे सरकवलीत. साडेबाराला हळूहळू सुरू, दोनला पूर्ण, नऊनंतर उतरता, साडेदहाला बंद, शेवटचा अर्धा तास नुसता निळा. "प्रवाळाला आपलं घड्याळ कळत नाही. रोज तेवढेच तास, त्याच क्रमाने मिळाले की झालं. तू काय अंधार बघायला पैसे भरलेस?" मग उठून खिडकीचा पडदा ओढून बघितलात, सकाळचं ऊन थेट टाकीवर येत नाही ना म्हणून.

मिनिटभराचं काम. पण इतक्या लोकांनी माझ्या टाकीकडे पाहिलं, त्यातला एकही माझ्याकडे बघून बोलला नव्हता. टाकी किती लिटरची, बजेट किती, एवढंच. त्या टाकीसमोर एक बाई राहते, ती नोकरी करते, लोकलने येते, हे तुमच्या हिशेबात होतं.

आमच्या बिल्डिंगमध्ये पूर्वी एक मिक्सर-इस्त्री दुरुस्त करणारे गृहस्थ यायचे. आई इस्त्री घेऊन खाली गेली की ते आधी विचारायचे, वहिनी, प्लग सैल नाही ना? बऱ्याचदा प्लगच सैल असायचा. पैसे घ्यायचे नाहीत. त्यांचं दुकान काही फार चाललं नाही, हेही खरं. ज्याला कळतं तो सांगत नाही, कारण सांगून टाकलं तर विकायचं काय? ही भीती या शहरात धंदा करणाऱ्या माणसाला असणारच, भाडी बघा इथली. मी ती समजू शकते. पण घरी बोलावून, पैसे घेऊन, मोबाइल काचेला लावून "लाइट कम है" म्हणणं ही भीती नव्हे, तो निव्वळ कामचुकारपणा. समोरच्याला कळत नाही हे एकदा ओळखलं की माणसाचं खरं रूप दिसतं. तुम्हालाही कळलंच होतं की मला काही कळत नाही. तुम्ही त्याचा उपयोग समजावून सांगायला केलात.

चहाखेरीज तुम्ही काही घेतलं नाहीत. रिक्षाचे पैसे देऊ केले तर सासूबाईंसमोर मला दटावलंत. त्यांना ते फार आवडलं.

सासूबाई आधी टाकीला "तुझं निळं खूळ" म्हणायच्या, आणि समोरच्या वहिनी तर बरेच दिवस ते डास मारायचं मशीन समजत होत्या. आता दुपारी साडेबाराला दिवा लागला की सासूबाईंचा मला मेसेज येतो, "लागला." एवढाच. मी ऑफिसात डबा उघडायच्या बेतात असते. रात्री जेवणाची ताटं आम्ही टाकीसमोर घेतो आणि टीव्हीचा आवाज बारीक असतो. वाढणी कोण करणार यावरून मात्र अजून वाद होतात.

तुम्ही सांगितलंत तसं आठवड्याला दोन टक्क्यांच्या वर चढवत नाही. सध्या बेचाळीसवर थांबलेय, ऑक्टोबरचा उकाडा सुरू झालाय म्हणून. एक शंका आहे: डावीकडचे झोआ देठ लांबवून वर उचललेत. त्यांना उजेड कमी पडतोय, की तो नवा मासा त्यांना ढुशा देतोय? फोटोत नीट कळणार नाही, बघावंच लागेल.

आणि स्टार पॉलिप मागच्या काचेवर चढायला लागलेत. त्यातला एक तुकडा छोट्या दगडावर लावून तुमच्यासाठी वेगळा ठेवलाय, आता चांगला धरलाय. तुमच्याकडे जागा नाही हे मला माहीत आहे, तरी घेऊन जा, नाहीतर कुणाला द्या. येत्या रविवारी मेन लाइनला ब्लॉक नाही, मी बघून ठेवलंय.

तुमची,
भांडुपची दोन फुटी टाकीवाली